मोडीतलं नाव

"मास्तर, चुकलं. ह्ये माझं नाव न्हाय."

पाटीवर मी नुकतंच मोठ्या अक्षरात 'महादेव' असं लिहिलं होतं. प्रौढ वर्गाचा पहिला दिवस, माझ्या आयुष्यातला पहिला विद्यार्थी, आणि त्याने पहिल्याच शब्दाला माझी चूक काढली. विद्यार्थ्याचं वय साठीच्या आसपास, माझं बावीस.

"तुमचं नाव महादेव कोंडिबा पुकळे ना?" मी रजिस्टरमध्ये बघून विचारलं.

"त्येच की. पर त्ये असं लिवत न्हाईत."

"तुम्हाला लिहिता येतं?"

"लिवता आलं असतं तर हितं कशाला आलो असतो? पर माझं नाव मी वळखतो. चाळीस वर्सं बघतोय." त्यांनी माझ्या हातातली पाटी घेतली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि पेन्सिल काठीसारखी मुठीत धरून एकेक रेघ ओढायला लागले. बराच वेळ लागला. पाटी माझ्याकडे फिरवली तेव्हा तीन वाकडीतिकडी अक्षरं होती, पहिल्याच्या डोक्यावर टिंब. मी वाचलं. शंकर.

हे शंकर आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात हॉलच्या पलीकडच्या टोकाला खडखडणारं एक शिवणयंत्र एकदम थांबलं. यंत्रावरच्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. बायडाबाई, या महादेवबाबांच्या पत्नी. त्यांनी उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट पदरासकट गच्च धरलं होतं आणि त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. नको. नको.

मला काहीच कळलं नाही. पण तोंड उघडलेलं होतं, काहीतरी बाहेर पडणं भाग होतं. "ही मोडी आहे, बाबा," मी म्हणालो.

"मोडी म्हंजे?"

"जुनी लिपी. पूर्वीचे लोक त्यात लिहायचे. मोडीत तुमचं नाव असं दिसतं. आपण इथं नवीन तऱ्हेनं शिकायचं."

"आसं व्हय!" बाबा खूश झाले. "मला वाटलं तुमास्नीच येत न्हाय."

पलीकडे शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं.

ही गोष्ट माण तालुक्यातल्या आमच्या गावची, छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीची. बी.ए. होऊन मी घरी बसलो होतो, आणि बाजारतळाशेजारी माडीवरच्या लांबलचक हॉलमध्ये वर्षभरापूर्वी लोकशिक्षण केंद्र निघालं होतं. संध्याकाळी पाच ते सात, सहा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत कुणीही यावं आणि काहीही शिकावं. हॉल मात्र एकच. एका कोपऱ्यात हार्मोनियम, दुसऱ्यात शिवण, मधोमध पोरांची चित्रकला आणि दाराजवळ माझी बाराखडी. त्यामुळे कोण काय शिकून बाहेर पडेल याचा भरवसा नसायचा. चित्रकलेला येणारी एक मुलगी वर्षाअखेरीला भूप वाजवायला लागली होती, चित्र मात्र तिला शेवटपर्यंत जमलं नाही.

बायडाबाई आदल्या वर्षी बायकांच्या वर्गात लिहावाचायला शिकल्या होत्या आणि यंदा शिवणाला बसल्या होत्या. महादेवबाबा आले ते रागाने. स्टँडवर एसटीची पाटी बायकोने वाचली, आणि यांना तिला विचारावं लागलं गाडी कुठली म्हणून. तेही चार माणसांत. दुसऱ्या दिवशी बाबा माझ्यासमोर मांडी घालून हजर. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, डोळे आणि कान दोन्ही तिखट. पेटी वाजत असायची, यंत्रं खडखडत असायची, तरी मी हलकेच पुटपुटलेलं त्यांना ऐकू यायचं. "वाड्यात मेंढरू शिंकलं तर कोंचं शिंकलं ते सांगतो मी," असं ते म्हणायचे, आणि मला त्यात काही खोटं वाटत नाही.

वर्ग सुटल्यावर बायडाबाई मागे रेंगाळल्या. "मास्तर, लई उपकार झाले," त्या म्हणाल्या. "त्यास्नी सगळं शिकवा. फकस्त एक अक्षर शिकवू नका."

"कुठलं?"

त्यांनी हवेत बोटाने काढून दाखवलं. श.

"का?"

"नगाच शिकवू." बोलताना पदर सरकला आणि कोपराखाली, हिरव्या गोंदणात, मला तीच तीन अक्षरं दिसली. ही मात्र रेखीव होती.

"बायडाबाई, शंकर कोण?" मी विचारलं. असं विचारू नये एवढी अक्कल बावीस वर्षांच्या पदवीधराला नसते.

"कुनी न्हाय," त्या म्हणाल्या आणि पदर ओढून जिना उतरून गेल्या.

आता मला सांगा, नवऱ्याचं नाव महादेव, हातावर शंकर, आणि शंकर कोण तर कुणी नाही. माझं डोकं चालेनासं झालं. ते चालायला लागलं दुसऱ्या दिवशी, आणि नको त्या दिशेने चाललं. हार्मोनियमच्या कोपऱ्यात भिंतीवर एक पाटी होती. 'हार्मोनियम वर्ग. श्री. शंकर गुरव.'

शंकरराव गुरव सत्तरीचे. पेटी शिकवता शिकवता त्यांना डुलकी लागायची, आणि बोटं तेवढी वाजवत राहायची. पण त्यांनाही कधीतरी पंचविशी असेलच की! मी पाळत ठेवायला लागलो. शंकररावांनी शिवणाच्या कोपऱ्याकडे बघितलं की मी त्यांच्याकडे बघायचो. ते बायडाबाईंकडे बघतायत, की बायडाबाईंच्या मागच्या घड्याळाकडे, हे ठरवता यायचं नाही. एकदा ते भैरवी वाजवताना डोळे पुसत होते. मी वहीत तारीख टिपून ठेवली. नंतर कळलं, त्यांना मोतीबिंदू होता.

इकडे महादेवबाबा झपाट्याने शिकत होते. श टाळणं मला अवघड जाईल असं वाटलं होतं, पण ते स्वतःच साळा, सेळी, सेत असं बोलायचे, त्यामुळे सगळं स मध्येच भागत होतं. एक शिक्षक म्हणून हे मी काय चालवलंय, या विचाराने लाज वाटायची. पण समोरच्या यंत्रावरून त्या बाई जिवाच्या आकांताने माझ्याकडे बघत असायच्या. पाटीवर बाबा रोज पहिल्यांदा आपलं नाव लिहायचे. महादेव, महादेव, महादेव. द ची शेपटी जरा लांब, बाकी सुरेख.

एके दिवशी लिहिता लिहिता ते थांबले आणि हॉलच्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

"मास्तर, त्या पाटीवर माझं नाव कसं?"

"कुठल्या?"

"पेटीवाल्याच्या. मोडीतलं नाव लिवलंय बघा. टिंबासकट."

"तसं... तसं दिसतं लांबून," मी म्हणालो. "वर्ग चालू आहे, इकडे लक्ष द्या."

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी त्या पाटीवर एक भलंमोठं कॅलेंडर लटकावून टाकलं. नाव झाकलं गेलं. शंकरराव आले, त्यांनी कॅलेंडर बघितलं आणि पेटी न उघडताच माझ्याकडे आले.

"हा काय प्रकार आहे? बारा वर्षं गावाला पेटी शिकवतोय मी. माझं नाव झाकायचं कारण?"

"तारीख बघायला बरं पडतं," मी म्हणालो.

"तारीख बघायला माझं नावच सापडलं?"

माझा तोल सुटला. "शंकरराव, तुम्ही बायडाबाई पुकळ्यांना ओळखता का?"

"कोण बायडाबाई?"

"तरुणपणी ओळखत होता का?"

"अहो, मी तरुणपणी मिरजेला होतो!" शंकरराव ओरडले. "आणि तुम्ही मला विचारताय काय हे?"

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दारात बायडाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातली शिवणाची पिशवी खाली पडली होती. कात्री, रिळं, सगळं फरशीवर. शंकरराव पेटीकडे निघून गेले. मी रिळं गोळा करायला वाकलो, दुसरं काय करणार.

"मास्तर, तुमी असं समजला व्हय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमी शिकल्याली मानसं असं समजता, मग त्ये काय समजतील?"

आणि तिथेच, दाराशी, त्यांनी मला सांगितलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्या चैत्रात शिंगणापूरच्या जत्रेला गेल्या होत्या, जावांबरोबर. देवळाच्या वाटेवर गोंदणारा बसला होता. सगळ्यांनी काही ना काही गोंदवून घेतलं, यांनी ठरवलं नवऱ्याचं नाव. गोंदणाऱ्याने विचारलं, काय नाव?

"आता नाव कसं घ्यायचं मास्तर, नवऱ्याचं? जावांनीबी घ्यायचं न्हाय. त्यास्नी ह्ये धाकटे दीर, पर आमच्या सासऱ्याच्या चुलत्याचंबी त्येच नाव. मी म्हनलं, ज्याच्या दारात बसलायस, त्याचंच नाव. तो हसला, म्हनला, कळलं. आन लिवलं."

शंभू महादेवाच्या दारात बसलेला तो माणूस. त्याला शंकर सुचलं.

"मला कुठं वाचता येत हुतं? त्यास्नीबी न्हाय. घरी आले, हात दावला. त्ये लई हरकले. बोट फिरवून बघायचे." त्यांनी पदराखालून हातावर बोट फिरवलं. "आठ-आठ म्हयनं मेंढरं घेऊन मुलूखभर जायचे. मागं मी एकटी. भावकी काय काय बोलायची. त्ये परत आले की कुनी कान भरायला लागलं तर म्हनायचे, तिच्या हातावर माझं नाव हाय, मला दुसरं काय सांगू नका. एवढंच म्हनायचे. गेल्या वर्सी मी वाचायला शिकले आन पयलं वाचलं त्ये ह्ये. तवापासनं हात झाकूनच ऱ्हाते."

"मग हे जसं मला सांगितलंत, तसंच त्यांना सांगा."

"चाळीस वर्सांनी? ज्या खुनेवर त्यांनी इस्वास ठेवला ती खूनच खोटी, आसं सांगू? त्यांनी मानलं तर बरं. न्हाय मानलं तर?"

मी कॅलेंडर तसंच राहू दिलं, शंकररावांची माफी मागितली, आणि त्यांच्या वर्गातल्या पोरांना महिनाभर चहा पाजायचं कबूल केलं.

वर्षाअखेरीला चाचणी झाली. चार प्रश्न. पहिला, स्वतःचे पूर्ण नाव लिहा. केंद्राचा नियम असा होता की पहिला प्रश्न चुकला तर पुढचा पेपर तपासायचाच नाही, कारण ज्याला आपलं नाव लिहिता येत नाही तो साक्षर कसला. नियम करणाऱ्याने महादेवबाबांना बघितलं नव्हतं.

पेपर तपासताना मी त्यांचा मुद्दाम वर घेतला, एक तरी निकाल सुखाचा लागावा म्हणून. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, 'शंकर कोंडिबा पुकळे'.

मी कागद उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. अक्षर त्यांचंच. श ची गाठ नीट मारलेली, टिंब जागेवर. वर्षभर ज्या माणसाने हजार वेळा महादेव लिहिलं, त्याने परीक्षेत शंकर लिहावं? बिचारे गडबडले, मी विचार केला. घाबरून ओळखीचं मोडीतलं नाव काढलं. म्हणजे मोडीची थाप मी मारली आणि नापास ते होणार. मला स्वतःची चीड आली. तरी नियम तो नियम, मी लाल फुली मारली. आणि मग रात्री झोप आली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गाच्या आधीच त्यांना बोलावून घेतलं. हॉल रिकामा होता.

"बाबा, तुमचं नाव चुकलंय."

"न्हाय चुकलं."

"अहो, हे महादेव नाही."

"म्हाईत हाय. शंकर हाय." त्यांनी एकेका अक्षराखाली बोट ठेवलं. "श वर टिंब, शं. क. र."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"मोडीबिडी काय न्हाय त्ये, मास्तर. तुमास्नी खोटं बोलता येत न्हाय. कान लाल हुत्यात तुमचे."

"कधी कळलं तुम्हाला?"

"क्यालेंडर एकाच खिळ्यावर लावलं हुतं तुमी. वारा सुटला की हलायचं. येक दिस शंकररावांनाच इचारलं, तुमच्या नावातलं पयलं अक्षर कोंचं वो? त्यांनी पेटी बंद करून धा येळा काढून दावलं. त्यास्नी कोन इचारत न्हाय, लई खूश झाले."

"मग बायडाबाईंना विचारलंत?"

बाबा खिडकीतून खाली बाजारतळाकडे बघत राहिले. मला वाटलं आता उठून जातील.

"दोन दिस जेवान ग्वाड लागलं न्हाय, ह्ये खरं," ते म्हणाले. "शंकर नावाचं कोन कोन हाय, आख्ख्या मुलखातलं आठवून बघितलं. पेटीवालाबी सोडला न्हाय. तिसऱ्या दिवशी मेंढरं पाजायला नेली, तवा डोक्यात उजेड पडला. शिंगणापूरला गोंदलं म्हनत हुती. तिथं नाव इचारलं असनारच. ती सांगंल व्हय? तलाठ्यानं इचारलं तरी शेजारनीला पुढं करती. कायतरी कोडं घातलं असनार, आन त्यानं सोडवलं आपल्या अकलेनं. माझ्या नावाचं तिला एवढं वजन, की त्यातच चुकलं."

"बाबा, अगदी असंच झालंय! मग हे त्यांना सांगा की. त्यांच्या जिवाला किती घोर लागलाय माहीत आहे का तुम्हाला?"

"सांगितलं की ती इचारनार, कधी कळलं. मग त्या दोन दिवसांचं काय सांगू?" ते म्हणाले. "दोन दिस मी दुसरंच समजलो हुतो, मास्तर. चाळीस वर्सांत पयल्यांदा."

त्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला. "हातावरचं खोडत न्हाय. कागदावरचं खोडतंय. तुमच्या त्या वहीत माझं नाव शंकर करा. मला कुनी काय नोकरी देनार न्हाय ह्या दाखल्यावर. घरात भिताडाला लावायचाय. तिला वाचता येतंय."

मी रजिस्टर काढलं. महादेववर रेघ मारून शंकर लिहिलं आणि बाजूला सही केली. लाल फुलीही खोडली. ते बरोबर होतं की नाही, तेव्हाही माझं ठरलं नाही आणि आता निवृत्त झालो तरी ठरलेलं नाही.

प्रमाणपत्रं वाटायचा कार्यक्रम रविवारी सकाळी झाला. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, पुढे चित्रकलेची पोरं. शंकरराव पेटीवर होते. नावं पुकारायचं काम माझ्याकडे. बायडाबाई तिसऱ्या ओळीत बसल्या होत्या, डावा हात पदरात.

"शंकर कोंडिबा पुकळे," मी पुकारलं.

पेटी थांबली आणि शंकरराव अर्धवट उठले. पुढचं आडनाव लक्षात आल्यावर पुन्हा बसले. पोरं फिदीफिदी हसली. बायडाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. बाबा पुरुषांच्या ओळीत ताठ बसले होते. नजर समोर, हात गुडघ्यांवर, चेहऱ्यावर काही नाही.

"शंकर कोंडिबा पुकळे," मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने.

बाबा हलले नाहीत. यांनीच तर नाव बदलून घेतलं, आणि आता ऐकू येत नाही? हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मी तिसऱ्यांदा पुकारावं की पुढचं नाव घ्यावं, मला काही सुचेना.

बायडाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पदरातला हात बाहेर काढला आणि त्यावरची अक्षरं बघितली, जसं आपण पाकिटावरचा पत्ता पुन्हा एकदा बघून घेतो. त्यांचे ओठ हलले. मग त्या उठून उभ्या राहिल्या.

"अवो, शंकर!"

बायकांच्या ओळीत कुणीतरी तोंडाला पदर लावला.

"अवो शंकर, तुमालाच बोलवत्यात! उठा की!"

बाबा उठले. सावकाश फेटा नीट केला. "आलो, आलो," ते म्हणाले. "वरडतीस कशाला?" कागद घ्यायला माझ्यासमोर आले तेव्हा त्यांच्या मिशा थरथरत होत्या, हसण्याने की कशाने, मला कळलं नाही.

कुठलं मेंढरू शिंकलं ते ओळखणाऱ्या माणसाला दोनदा पुकारलेलं नाव ऐकू येऊ नये, हे कोडं मला कार्यक्रम संपेपर्यंत सुटलं नाही. जिना उतरताना सुटलं, ते नाव त्यांना तिच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मी तिथेच पायरीवर बसलो.